दुसरी तार

शिवाजीनगर रेल्वे स्टेशनजवळच्या बसथांब्यावर कंडक्टर आजही 'सिमला ऑफिस' असंच ओरडतो. घड्याळाचा मनोरा असलेली ती दगडी इमारत पुण्यात कुणाला दाखवावी लागत नाही, पण तिला सिमल्याचं नाव का, हे माझ्या वर्गातल्या चाळीस मुलींपैकी एकीलाही सांगता आलं नव्हतं. एकीनं भीत भीत विचारलं, "टीचर, तिथं सफरचंदं मिळायची का?"

सफरचंदं नाही, पाऊस. म्हणजे पावसाचे आकडे. भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. त्याचं मुख्यालय कलकत्त्याला होतं, १९०५ मध्ये सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्यात आलं. १९४४ ला ते दिल्लीला हललं. साहेब गेले, यंत्रं बनवणारे आणि तपासणारे बरेचसे इथंच राहिले. नावही राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आमच्या उर्दू शाळेत शिकला, मग इंजिनीअरिंगला गेला, आता एम.टेक. करतो. त्याच्या संशोधनाचा विषय 'बिनतारी संवेदक जाळ्यांचा ऊर्जापुरवठा'. गाइडनं प्रबंधाचा सारांश मराठीत मागितला होता आणि त्यातल्या शब्दांसाठी त्याला त्याची उर्दू-मराठीची टीचर आठवली. मी बी.एड. झालेली भाषेची शिक्षिका. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. पण त्याला म्हटलं, आधी मला समजावून सांग, मग शब्द देते.

त्यानं सांगितलं ते असं. एक छोटी पेटी, काडेपेटीएवढीही असू शकते. तिच्यात काहीतरी मोजणारा एक भाग असतो : तापमान, ओलावा, पाऊस, जमिनीची हालचाल, काहीही. त्याला संवेदक म्हणायचं, सगळे सेन्सर म्हणतात. सोबत एक लहानसा रेडिओ आणि एक बॅटरी. अशा पन्नास-शंभर पेट्या शेतात, डोंगरावर, पुलावर ठेवायच्या. प्रत्येकीनं आपलं माप शेजारणीला सांगायचं, तिनं पुढचीला, असं करत आकडे मुख्य ठिकाणी पोचायचे. तारा ओढायला नकोत.

"मग अडचण कुठं आहे?" मी विचारलं.

"बॅटरी संपते, टीचर."

उर्दूत वायरलेसला 'बेतार' म्हणतात, मराठीत 'बिनतारी'. दोन्हीकडे एकच तार आणि दोन्हीकडे ती नाही असं सांगणारा शब्द. पण त्या दिवशी लक्षात आलं की यंत्राला दोन तारा असतात. एकीतून निरोप जातो, दुसरीतून वीज येते. पहिली तोडली म्हणून आपण त्याला बेतार म्हणतो. दुसरीचं काय? पुण्यापुरतं बोलायचं तर गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दुसऱ्या तारेचाच आहे, असं मला वाटू लागलंय.

पहिली तार पुण्याच्या वेशीवर तुटली ती २३ जुलै १९२७ ला. खडकीहून बिनतारी संदेश थेट इंग्लंडला पाठवायची आणि तिकडचे संदेश दौंडला घ्यायची सोय झाली. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचं उद्घाटन केलं. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेवाचून हिंदुस्थान विलायतेशी बोलू लागला. मोठी गोष्ट होती. पण अशा केंद्राचे खांब अवाढव्य, त्याला लागणारी वीजही तशीच. ते जागचं हलू शकत नव्हतं. निरोप मोकळा झाला, यंत्र खुंट्याला बांधलेलंच राहिलं.

खुंटा सुटला तो आकाशात. रेडिओसोंड नावाचं उपकरण हे माझ्या मते बिनतारी संवेदकाचं पहिलं खरं रूप. फुग्याला बांधून सोडायचं, वर जाता जाता ते हवेचा दाब, तापमान आणि दमटपणा मोजून रेडिओवरून खाली कळवतं. फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो यांनी १९२९ मध्ये आणि रशियात पावेल मोल्चानोव यांनी जानेवारी १९३० मध्ये असे फुगे सोडले. फुग्याला वजन सोसत नाही आणि उपकरणात सगळ्यांत जड असते ती बॅटरी. म्हणजे दुसरी तार तोडायची किंमत वजनात मोजावी लागते. पुढं अशा उपकरणांसाठी पाण्यात बुडवल्यावरच जागी होणाऱ्या बॅटऱ्या निघाल्या. तोवर कोरडी, निर्जीव. पाणी प्यायली की तास-दोन तास इमानानं काम करते आणि मरते. तेवढंच तिचं आयुष्य, आणि तेवढंच पुरेसं असतं, कारण नंतर फुगाच फुटतो.

आपल्या हवामान खात्यात १९४० च्या दशकात एस. पी. वेंकटेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे रेडिओसोंड बनवलं, त्याला 'एफ-टाइप' म्हणत. एफ म्हणजे फॅन, पंखा. फुगा वर चढताना हवा लागून पंखा फिरायचा आणि त्या फिरण्यावर आतलं बटण एकेक माप आळीपाळीनं रेडिओला जोडायचं. त्या कामासाठी घड्याळाची चावी नको की मोटर नको. रेडिओला बॅटरी लागायचीच, पण तिच्यावरचा एक भार वाऱ्यानं उचलला. माझा विद्यार्थी ज्याला 'परिसरातून ऊर्जा मिळवणं' म्हणतो आणि ज्यावर आज ढिगानं शोधनिबंध येतात, त्याची ही घरगुती सुरुवात. त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या संदर्भसूचीत सन २००० च्या आधीचं काहीच नव्हतं.

याच वेंकटेश्वरन यांच्या विभागात १९४८ साली एक तरुणी रुजू झाली. ॲना मणी. त्रावणकोरातल्या पीरमेडची, जन्म १९१८ चा. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिनं हिरे-माणकांच्या प्रकाशावर काम केलं, निबंध छापले, पीएच.डी.चा प्रबंधही लिहिला. पण एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठानं पदवी नाकारली. (आमच्या क्षेत्रात कागदावरून माणूस जोखतात, हे मी रोज बघते. म्हणून ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते.) मग ती इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकली आणि परत येऊन पुण्याला लागली. १९५३ पर्यंत ती विभागाची प्रमुख झाली होती आणि तिच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. बाहेरून आणायची ती उपकरणं इथंच बनावीत म्हणून तिनं शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले.

मला तिचं सगळ्यांत आवडणारं काम उन्हाचं आहे. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष. त्या निमित्तानं ॲना मणींनी देशभर सूर्याची किरणं मोजणारी केंद्रं उभी केली. त्यासाठीचं उपकरण मोठं गंमतीचं असतं. काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग, त्याला जोडलेल्या दोन वेगळ्या धातूंच्या जोडांची माळ. ऊन पडलं की काळा भाग तापतो, जोडांच्या दोन टोकांत तापमानाचा फरक पडतो आणि त्यातून आपोआप बारीकसा विजेचा दाब तयार होतो. तो दाब मोजला की ऊन किती ते कळतं. म्हणजे हा संवेदक ज्याला मोजतो, त्याचंच खातो. आकडा टिपून ठेवायला वेगळी सोय लागते, पण मोजायला त्याला बॅटरी लागत नाही.

निवृत्तीनंतर, १९८० मध्ये, तिचं भारतातल्या सौर किरणांच्या आकडेवारीचं जाडजूड पुस्तक निघालं. सौरऊर्जेची आजच्यासारखी चलती नव्हती तेव्हा. कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात किती ऊन मिळतं, याचे तक्ते. आज डोंगरावर एकट्या उभ्या असलेल्या यंत्राला केवढी सौरपट्टी लावायची, केवढी बॅटरी द्यायची, हा हिशेब अशा तक्त्यांवरूनच सुरू होतो.

आणि हिशेबातली खरी मेख इथं आहे. आपल्याकडे डोंगरावर यंत्र कशासाठी ठेवतात? पावसासाठी. पाऊस कधी पडतो? ऊन नसताना. जुलैमध्ये ताम्हिणीत किंवा भीमाशंकरला सूर्य कित्येक दिवस दर्शन देत नाही. ज्या आठवड्यात यंत्रानं डोळ्यांत तेल घालून जागायचं, त्याच आठवड्यात त्याच्या घरी तेल नसतं.

हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रं तुम्ही पाहिली असतील. कुंपणात एक खांब, त्यावर वाऱ्याच्या वाट्या, पांढरी पेटी, सौरपट्टी. १९८० च्या दशकात इन्सॅट उपग्रहाच्या भरवशावर अशी शंभर केंद्रं बसवली गेली. नंतर २००६-०७ मध्ये सव्वाशे नवी आली आणि त्यांचे आकडे उतरवून घेणारं उपग्रह-केंद्र पुण्यात होतं. जुन्या पद्धतीत यंत्रं आपापल्या मर्जीच्या क्षणी बोलायची, दोघं एकदम बोलली तर दोघांचंही वाया. म्हणून एकच निरोप पुन्हा पुन्हा सांगावा लागे, आणि प्रत्येक सांगण्याला वीज. नव्या पद्धतीत प्रत्येकाला तासातला आपला क्षण नेमून दिला. शाळेच्या वेळापत्रकासारखं. तेवढ्यापुरतं बोलायचं आणि गप्प बसायचं.

गप्प बसणं हेच या सगळ्या संशोधनाचं मर्म आहे, असं विद्यार्थ्यानं मला फळ्यावर मांडून दाखवलं. (घरात फळा आहे, शिकवण्यांसाठी.) पेन्सिल सेलमध्ये साधारण २,५०० मिलिअँपिअर-तास एवढा साठा धरू. पेटीतला रेडिओ चालू असला की २० मिलिअँपिअर खातो. सतत चालू ठेवला तर १२५ तास, म्हणजे पाच दिवस. पण त्याला शंभरातलं एकच मिनिट जागं ठेवलं आणि बाकी ९९ मिनिटं झोपवलं, तर तेवढ्याच साठ्यावर तो सव्वा वर्षाहून जास्त टिकतो. मला आमच्या मोहल्ल्यातला सहेरीला उठवणारा आठवला. रमजानमध्ये पहाटे डफ वाजवत यायचा, सगळ्या गल्लीला जागं करायचा आणि उरलेला दिवस दिसायचा नाही. अम्मी म्हणायची, झोपतो म्हणूनच वेळेवर उठतो.

हा विषय विद्यापीठांत फोफावला तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बर्कलेला क्रिस्टोफर पिस्टर यांनी 'स्मार्ट डस्ट', शहाणी धूळ, अशी कल्पना मांडली : धुळीच्या कणाएवढी यंत्रं. २००२ च्या उन्हाळ्यात तिथल्याच संशोधकांनी मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर पक्ष्यांच्या बिळांत आणि आसपास ३२ पेट्या ठेवल्या. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या. माणूस गेला तर पक्षी बिळं सोडतात, पेटीचं त्यांना काही वाटत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी एमआयटीत वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी एक युक्ती मांडली होती. लांबवर बोलायला वीज भरमसाट लागते, म्हणून पेट्यांचे गट करा, गटात एक मुकादम नेमा, त्यानंच लांबचा निरोप पाठवावा. पण मुकादम लवकर थकून मरेल, म्हणून मुकादमकी आळीपाळीनं फिरवा. आमच्या शिक्षिकांची भिशी अशीच फिरते. फरक इतकाच की भिशीत पाळी आली की मिळतं, इथं पाळी आली की द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती मला फार लागली. शेजारणीनं शेजारणीला सांगायच्या पद्धतीत मुख्य केंद्राच्या जवळच्या पेट्या सगळ्यांत आधी मरतात. लांबच्यांचे सगळे निरोप त्यांच्याच हातातून जातात ना! त्या मेल्या की पलीकडच्या पन्नास जिवंत असूनही मुक्या होतात.

महाराष्ट्रात हे कागदावरून मातीत आणणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे उदय देसाई आणि त्यांचे सहकारी होते. त्यांनी नाशिकजवळच्या सुला द्राक्षमळ्यात संवेदक लावले : मातीचा ओलावा, हवा, पानावरचं पाणी. पान किती वेळ ओलं राहिलं यावर द्राक्षाचा रोग ठरतो, हे शेतकऱ्याला माहीतच असतं, पण रात्री तीन वाजता पान ओलं आहे का हे बघायला कोण जाणार? केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाच्या मनीषा रमेश आणि सहकाऱ्यांनी डोंगराच्या पोटात नळ्या उतरवून त्यांतले संवेदक बिनतारी जोडले. २००९ च्या पावसाळ्यात त्यांच्यावरून दरडीचा इशाराही दिला गेला.

मुन्नारचं नाव निघालं तेव्हा आम्ही दोघं थोडे थांबलो, कारण पुणे जिल्ह्यात त्याचा अर्थ माळीण होतो.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं. आणि जगाला बातमी कुणी दिली? एसटीच्या ड्रायव्हरनं. नेहमीच्या फेरीला आला आणि गाव जागेवर नव्हतं. ज्या जिल्ह्यात हवामानाची यंत्रं घडतात, त्या जिल्ह्यात दरडीची खबर एका माणसाच्या डोळ्यांनी आणली. पुढं २०२१ ला रायगडात तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. तीनही जुलैमध्ये, तीनही ढगाखाली.

यंत्र असतं तर माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. अब्बांमुळे तसं म्हणायची सवयच लागली नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, घर कुंभारवेशीजवळ. ते सांगायचे, वीज गेलेली, दादांचा रेडिओ मुका, आणि गल्लीत कुणी म्हणे पाणी येतंय, कुणी म्हणे अफवा आहे. दादीनं कुराणशरीफ आणि पिठाचा डबा घेतला आणि पोरांना पुढं घालून चढाकडे निघाली. धरण धोक्यात आहे हे धरणावर माहीत होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. मोजणारे जागे होते. पेठांपर्यंत पोचण्याचा मधला दुवाच मेलेला होता. केंद्राजवळच्या पेट्यांसारखा.

म्हणून मी त्याला विचारलं, "तुझ्या प्रबंधातली पेटी किती दिवस टिकते?"

"तीन वर्षं चार महिने."

"कुठं ठेवली होतीस?"

तो हसला. कुठंच नाही. सगळं कॉम्प्युटरवर. त्याच्या आभासी डोंगरावर रोज ठरलेलं ऊन पडत होतं, सौरपट्टीवर शेवाळं चढत नव्हतं, कबुतरं बसत नव्हती, बॅटरी चोरीला जात नव्हती. हा त्याचा एकट्याचा दोष नाही. या विषयावरचे बहुतेक निबंध असेच आहेत असं तोच म्हणाला, आणि विद्यार्थ्याला पेट्या घ्यायला पैसे कोण देतं? तरीही मला राग आला. ॲना मणींच्या विभागात उपकरण उन्हात ठेवल्याशिवाय त्याच्यावर कुणी सही केली नसती.

शब्दांचं काम मात्र झालं. 'ऊर्जेचा अंदाजपत्रकीय साठा' असं काहीतरी त्यानं लिहून आणलं होतं. मी म्हटलं, 'शिदोरी' लिही. उर्दूत आपण 'तोशा' म्हणतो, प्रवासाला निघताना बरोबर बांधून घेतलेलं. वाट किती आणि भाकरी किती, हाच तुझा प्रश्न आहे. त्याला आवडला. गाइडनं खोडला, तो भाग वेगळा.

जूनमध्ये तो एक पेटी घेऊन आमच्या शाळेत आला. पाऊस मोजायचं पन्हाळं, हाताच्या पंजाएवढी सौरपट्टी, जुन्या मोबाइलची बॅटरी. हेडमास्तरांची परवानगी काढून गच्चीवर बसवली. शिपाईमामांनी पहिला प्रश्न विचारला, "पुसणार कोण?" आठवीच्या मुलींनी पाळ्या लावून घेतल्या, सोमवारी कोण, मंगळवारी कोण. तास संपला की त्याच्या फोनवर आकडा यायचा आणि मुली तो वहीत उतरवायच्या.

जुलैत ढग बसले ते हललेच नाहीत. सहाव्या दिवशी दुपारी दोनचा आकडा आला, तीनचा आला नाही. नवव्या दिवशी ऊन पडलं आणि पेटी आपोआप बोलू लागली. तीन वर्षं चार महिन्यांच्या जागी सहा दिवस. तो आकडा त्यानं प्रबंधात घातला आहे, वेगळ्या प्रकरणात.

मधल्या तीन दिवसांत पाऊस किती पडला हे मुलींच्या वहीत कोरं आहे. ते कोरे रकाने भरायचे म्हणून मी दोघींना घेऊन सिमला ऑफिसला जाणार आहे. तिथं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात.